बीटीसीरिकव्हर: पाच महिने वापरल्यानंतर, आणि एका डॉलरच्या चिन्हाने खाल्लेले तीन महिने

हे परीक्षण मी आधी तिसऱ्या महिन्यात लिहायला घेतलं होतं. तेव्हाचं शीर्षक होतं "वेळ घालवायचा असेल तर वापरा". ते पुरं झालं नाही हे बरं झालं. तरी त्यातला काही भाग खाली तसाच ठेवतोय, कारण तेव्हाचा वैतागही खरा होता.

बीटीसीरिकव्हर म्हणजे बिटकॉइन वॉलेटचा विसरलेला पासवर्ड शोधून देणारं साधन. ते कुठून उतरवायचं, पायथॉन कसं बसवायचं हे इथे सांगत बसत नाही. इथवर आलात म्हणजे तुमच्याकडेही एखादी जुनी फाइल आणि अर्धवट आठवणारा पासवर्ड असणार. माझ्याकडे 2013 सालची वॉलेट डॉट डॅट, म्हणजे वॉलेटची फाइल होती. बिटकॉइन-क्यूटी या वॉलेट प्रोग्रॅमच्या काळातली, म्हणजे 2014 मध्ये त्या प्रोग्रॅमचं बिटकॉइन कोअर असं नामकरण होण्याआधीची. वॉलेट परत मिळवून देणारा बारा शब्दांचा कागद वगैरे प्रकार तेव्हा या वॉलेटमध्ये नव्हताच. फाइल आणि पासवर्ड, एवढंच.

या फाइलची एक छळवादी खोड आहे. पासवर्डने फक्त खाजगी किल्ल्या, म्हणजे नाणी हलवायला लागणारे गुप्त आकडे, कुलूपबंद होतात. पत्ते आणि व्यवहार उघडेच राहतात. त्यामुळे शिल्लक किती ते दिसतं आणि हात मात्र लावता येत नाही. शिल्लक अर्ध्या बिटकॉइनच्या आतबाहेर होती. सोडून द्यावी इतकी कमी नाही, आणि परक्याला विश्वासाने द्यावी इतकी तर अजिबात नाही.

तरी आधी परक्याकडेच गेलो होतो. एका रिकव्हरी सेवेने उघडलेल्या रकमेतले वीस टक्के मागितले. ते एक वेळ मान्य होतं. पण त्यांना अख्खी वॉलेट फाइल हवी होती, वर "विश्लेषण शुल्क" आगाऊ. बीटीसीरिकव्हरसोबत एक छोटी स्क्रिप्ट येते, ती फाइलमधून फक्त कुलूपबंद मास्टर की (बाकी किल्ल्यांचं कुलूप उघडणारी किल्ली) काढून देते. तेवढ्यावर पासवर्ड शोधता येतो, पण सापडला तरी फाइलशिवाय नाणी हलवता येत नाहीत. मी म्हटलं, हा तुकडा घ्या. नाही म्हणाले. का, ते चार ईमेलमध्ये सांगता आलं नाही. पाचव्या ईमेलला मी उत्तर दिलं नाही. वीस टक्के वाचवायचे म्हणून स्वतःच बसायचं ठरवलं, आणि तिथून पाच महिने गेले.

(तिसऱ्या महिन्यातला मजकूर इथून.)

वेग. माझ्या लॅपटॉपवर सेकंदाला साधारण 120 पासवर्ड तपासले जातात. कमी वाटतात, पण दोष साधनाचा नाही. बिटकॉइन कोअर पासवर्डवर एसएचए-512 नावाचं गणित किमान 25,000 वेळा फिरवतं. एन्क्रिप्ट करतानाचा संगणक दमदार असेल तर फेऱ्या आणखी जास्त. चोराला त्रास व्हावा म्हणून केलेली सोय आहे. आता चोर मीच. ग्राफिक्स कार्ड असेल तर काम कितीतरी पटींनी पळतं, पण माझ्याकडे ते नाही, आणि तासाच्या भाड्याने घ्यायला मन होत नाही. लॅपटॉप रात्रंदिवस चालला तर दिवसाला एक युनिटच्या आसपास वीज खातो. ते परवडतं.

टोकन फाइल. सगळा खेळ हिचा आहे. आठवणारे तुकडे एकेका ओळीवर लिहायचे, पर्याय असतील तर त्याच ओळीत जागा सोडून लिहायचे. साधन ते तुकडे घेऊन, सोडून, उलटसुलट लावून पाहतं. ऐकायला छान. पण सात ओळी, प्रत्येकीत एकच तुकडा, याचे होतात 13,699 पासवर्ड. दोन मिनिटांचंही काम नाही. दहा ओळींचे 98,64,100; तेवीस तास. अकरा ओळींचे 10,85,05,111, साडेदहा दिवस. बारावी ओळ घातलीत की चार महिने. मी पहिल्याच दिवशी चौदा ओळी लिहिल्या होत्या. टोपणनाव, त्याची तीन स्पेलिंगं, साल, सालाचे शेवटचे दोन आकडे, जुन्या फोन नंबरचे तुकडे. अंदाजे वेळ दाखवणारा आकडा पाहून मी आधी हसलो, मग लॅपटॉप बंद केला.

ऑटोसेव्ह चांगलं आहे. वीज गेली, अपडेटने संगणक परस्पर रीस्टार्ट झाला, तरी पुढून चालू होतं. पण टोकन फाइलमध्ये एक अक्षर बदललं की जुनं सेव्ह चालत नाही, पुन्हा शून्यापासून. कारण कळतं, राग तरी येतोच. नव्वद दिवसांत मी शून्यावर किती वेळा आलो ते मोजलं नाही.

एकंदरीत, तीन महिने वापरून मत असं की हे साधन ज्याला पासवर्ड जवळपास आठवतो त्याच्यासाठी आहे, आणि ज्याला जवळपास आठवतो तो हाताने टाइप करूनही

(इथे मजकूर थांबला होता. कारण पुढे.)

त्या दिवशी एका मित्राने त्याचा ग्राफिक्स कार्डवाला संगणक शनिवार-रविवारपुरता देऊ केला. मी म्हटलं, संगणक नुसता अडवून ठेवण्यापेक्षा पासवर्डांची यादीच बनवून नेऊ. लिस्टपास नावाचा पर्याय आहे: काही तपासत नाही, कुठले पासवर्ड तपासले जाणार आहेत ते नुसते छापतो. यादी फाइलमध्ये घेतली आणि सहज, खरंच सहज, मला सगळ्यात जास्त खात्री असलेला पासवर्ड तिच्यात शोधला.

नव्हता.

म्हटलं, टाइप करताना चुकलो. पुन्हा शोधला. मग नुसतं $ शोधलं. लाखो ओळींत एकही डॉलर नाही.

माझ्या त्या काळच्या प्रत्येक पासवर्डच्या शेवटी डॉलर असायचा. "किमान एक विशेष चिन्ह हवे" अशी सक्ती वेबसाइटांनी सुरू केली तेव्हापासूनची सवय. टोकन फाइलमध्ये मी तो इमानेइतबारे लिहिलाही होता: साल, त्याला चिकटून डॉलर. आणि टोकन फाइलमध्ये तुकड्याच्या शेवटी आलेल्या डॉलरचा अर्थ "हा तुकडा पासवर्डच्या अगदी शेवटीच ठेव" असा होतो. साधन आज्ञाधारकपणे सालाला शेवटी नेऊन ठेवत होतं आणि डॉलर काढून टाकत होतं. सुरुवातीला ^ लिहिलंत तर तुकडा पुढे खिळवला जातो, ओळीच्या सुरुवातीला सुटं + असेल तर त्या ओळीतला एक तुकडा घ्यावाच लागतो. या खुणांचं मला अप्रूप होतं, त्या वापरतही होतो. फक्त माझ्याच पासवर्डातला डॉलर हीसुद्धा खूण ठरेल हे डोक्यात आलं नाही.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तीन महिने मी कोरडा आड उपसत होतो, वर पोहरा लहान म्हणून साधनाला नावं ठेवत होतो.

खरा डॉलर हवा असेल तर टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे कॅपिटल एस लिहायचं. माहितीपत्रात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि गोंधळ होत असेल तर क्षमस्व अशा अर्थाचं एक वाक्यही तिथेच आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं की माझ्यासारखा कुणीतरी येणार. मी ते पान उघडलं होतं. वाइल्डकार्डांची, म्हणजे अशा खास खुणांची, ती यादी "नंतर बघू" म्हणून सोडून खाली सरकलो होतो. त्यामुळे भांडायलाही समोर कुणी नाही. मात्र टोकन फाइल वाचताना "तुमच्या तुकड्याच्या शेवटी डॉलर आहे, ही खूण समजू की अक्षर?" एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं, हे माझं मत अजून कायम आहे. हे मत मी घरात इतक्या वेळा ऐकवलंय की आता मी 'डॉ' म्हटलं की लोक उठून जातात.

यानंतर साधनाबद्दलचं मत बदललं, आणि वापरायची पद्धतही. चौदा ओळींच्या चार केल्या. तिन्ही नक्की तुकड्यांपुढे +, टोपणनाव पुढे खिळवलं, आणि उरलेली अनिश्चितता तुकड्यांत न कोंबता टायपो पर्यायांवर सोडली. हे आधी कळायला हवं होतं. टोकन म्हणजे काय आठवतं ते. टायपो म्हणजे बोटांनी तेव्हा काय केलं असेल ते. मी दुसऱ्याचं काम पहिल्याकडून करून घेत होतो. कॅप्सलॉक चालू राहिलं असेल, दोन अक्षरं अदलाबदल झाली असतील, एक गळलं असेल, एखादं दोनदा दाबलं गेलं असेल: प्रत्येकाला वेगळा पर्याय आहे, आणि एका पासवर्डात जास्तीत जास्त किती चुका धरायच्या तेही सांगता येतं. मी एक सांगितली.

मित्राचा संगणक लागलाच नाही. पावणेदोन तासांत माझ्याच लॅपटॉपवर पासवर्ड सापडल्याची ओळ आली. टोपणनाव बरोबर, साल बरोबर, शेवटी डॉलर. एक नाही, दोन. 2013 मधल्या त्या रात्री बोट दोनदा पडलं असणार, किंवा मला तेव्हा दोन चिन्हं लिहिणं म्हणजे भक्कम सुरक्षा वाटली असणार. पण नवा पासवर्ड दोनदा टाइप करून घेतात. दोन्हीकडे तीच चूक कशी झाली असेल? तेव्हा हे मुद्दामच केलेलं असावं, आणि मी साफ विसरलो. हाताने टाइप केलेले शेकडो प्रयत्न एका डॉलरवर थांबत होते.

स्मरणशक्तीच्या या दग्याला मोठमोठे बळी आहेत, एवढंच समाधान. जो ग्रँड या हार्डवेअर हॅकरने आणि त्याच्या साथीदाराने असंच एक 2013 सालचं वॉलेट उघडल्याचं 2024 मध्ये जाहीर केलं. तिथे पासवर्ड मॅनेजरने तयार केलेला 20 अक्षरी पासवर्ड हरवला होता, आणि त्यात विशेष चिन्हं असणार असं धरून आधी शोध चालला होता. प्रत्यक्षात एकही नव्हतं. माझं बरोबर उलट. आणि पासवर्ड विसरलेल्या स्टेफान थॉमस या प्रोग्रॅमरच्या 7,002 बिटकॉइनच्या किल्ल्या ज्या आयर्नकी या कुलूपबंद यूएसबी ड्राइव्हमध्ये आहेत, ती दहाच प्रयत्न देते. वॉलेट डॉट डॅट निदान कितीही वेळा चुकू देते. तीन महिने सलग चुकू देते.

सापडल्यावरचं थोडक्यात. शोध सुरू करण्याआधीच फाइलच्या दोन प्रती वेगळ्या ठेवल्या होत्या. मूळ फाइलवर काम करूच नका. अख्खी ब्लॉकचेन (बिटकॉइनच्या सगळ्या व्यवहारांची नोंदवही) उतरवायची गरज पडली नाही. इंटरनेट तोडलेल्या संगणकावर कोअरच्या जुन्या आवृत्तीत फाइल उघडली, खाजगी किल्ल्या काढल्या आणि इलेक्ट्रम या दुसऱ्या वॉलेट प्रोग्रॅममधून नव्या वॉलेटमध्ये सगळं झाडून घेतलं. जमा झालेलेच नव्हे, उरलेली मोड जिथे परत येते ते पत्तेही धरा. या जुन्या वॉलेटांत प्रत्येक किल्ली सुटी असते, त्यामुळे एक राहिली तर तिच्यावरची नाणी राहिली. आणि 1 ऑगस्ट 2017 च्या आधीची नाणी असतील तर त्याच किल्ल्यांवर तितकंच बिटकॉइन कॅशही (त्या दिवशी बिटकॉइनमधून फुटून निघालेलं वेगळं नाणं) असतं. आधी बिटकॉइन हलवा, मगच त्या रिकाम्या झालेल्या किल्ल्या दुसऱ्या कुठल्या वॉलेटमध्ये घाला. किंमत कमी आहे म्हणून ते सोडणारे लोक मला समजत नाहीत.

मित्राला उपकाराची परतफेड म्हणून त्याचं काम करून दिलं. त्याच्या बारा शब्दांच्या कागदावर आठवा शब्द पाण्याने धुऊन गेला होता. याच संचातलं सीडरिकव्हर, म्हणजे असे शब्द शोधणारं साधन, वापरलं, ताडून पाहायला त्याच्या जुन्या ईमेलमधला एक पत्ता दिला. एक मिनिटही लागलं नाही. शब्दांची यादी 2,048 ची, त्यातही चेकसमच्या (शब्द एकमेकांशी जुळतात का हे तपासणाऱ्या) चाळणीतून सोळात एक टिकतो, म्हणजे तपासायचे उरतात सुमारे 128. दोन शब्द गेले असते तर मूळ जोड्या 41,94,304. तेही सहज जमतं. तीन गेले की 859 कोटी. चार म्हणजे साडेसतरा लाख कोटींच्या वर, मग कागद सुकवून भिंगाखाली धरणं जास्त व्यवहार्य. बाराही शब्द आहेत पण क्रम विसरला असेल तर 47,90,01,600 मांडण्या. संयम असेल तर होतं. एक शब्द हरवलेल्या कुणी कुठल्याही सेवेला टक्केवारी देऊ नये. तो मित्र देणार होता.

तारे: साडेचार. तिसऱ्या महिन्यात दोन देणार होतो. अर्धा कापलाय तो कशासाठी हे सांगायला नको.

त्या रिकव्हरी सेवेचा परवा पुन्हा ईमेल आला, "मर्यादित काळासाठी पंधरा टक्के". उत्तरात मी एवढंच विचारलं की तुमच्या टोकन फाइलमध्ये डॉलर कसा लिहिता. अजून उत्तर नाही.