शिक्षक प्रशिक्षणासाठी एआय चॅटबॉट: जूनपासूनचा अनुभव

शाळा सुरू झाल्यापासून हा चॅटबॉट मी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदांमध्ये शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वापरते आहे. वर्गणी माझ्या खिशातली. तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे असल्या खर्चाची तरतूद नाही. गेल्या परिषदेत ऐन सरावात ‘आजची मर्यादा संपली’ असं झळकलं आणि सगळे शिक्षक ताटकळत बसले. तक्रारीला उत्तर आलं तेही ठोकळेबाज. पैसे भरणाऱ्याला मर्यादा किती, हे आधी आकड्यात सांगायला काय हरकत आहे?

पाठाचं टाचण तो झटपट लिहितो, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते एका वर्गाला एक शिक्षक धरून लिहिलेलं असतं. आमच्या दोनशिक्षकी शाळांमध्ये पहिली-दुसरी एकाच खोलीत बसते, हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं. शेजारी कर्नाटकात शिक्षणा फाउंडेशन आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चने सरकारी शाळांच्या शिक्षकांसाठी ‘शिक्षा कोपायलट’ केलं, तिथल्या अभ्यासक्रमाला धरून, कन्नडमध्येही. बालभारतीच्या पानाला धरून चालणारं तसं काही आपल्याला हवंच आहे.

माझा खरा राग आहे तो चॅटबॉटने वठवलेल्या विद्यार्थ्यावर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यायचं. आमच्याकडे त्यातले बहुतेक तास ऐकण्यात जातात. मुलाला प्रश्न विचारायचा सराव होतच नाही. म्हणून चॅटबॉटला तिसरीतलं मूल व्हायला सांगितलं. ५२ − २७ चं उत्तर त्याने ३५ दिलं. एका बाईंनी विचारलं, “दोनातून सात कसे जातील?” तर लगेच, “हो बाई, दशक सुटा करायला हवा. २५!” असं मूल मला अजून कुठल्याही वर्गात भेटलेलं नाही. खरं मूल बाईंच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतं, नाहीतर गप्प होतं. मग ‘चार प्रश्न होईपर्यंत ऐकू नकोस’ अशी सूचना दिली. तेव्हा काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवल्याचं सांगितलं तरी ते ३५ वर अडून राहिलं आणि पाचव्या प्रश्नाला, कितीही वाईट विचारला तरी, त्याला सगळं समजलं. यावर सराव करणारा नवा शिक्षक वर्गात तोंडघशी पडेल. दिवाळीपर्यंत माझं मत एवढंच होतं: पैसे वाया.

ते बदललं वह्यांमुळे. मुलांची नावं काढून टाकून खरी चुकीची उत्तरं त्याला दिली आणि विचारलं, मुलाने काय केलं असेल? त्याच ३५ ला त्याने दोन कारणं दिली. एक, एककात मोठ्यातून लहान वजा केला: ७ − २. दुसरं, दशक सुटा करून १२ − ७ बरोबर केलं, पण दशकांच्या घरातला एक कमी करायचा राहिला. दोन्हींत एककाला ५ आणि दशकाला ३. वेगळं कसं ओळखायचं? त्याने ५३ − २७ द्यायला सुचवलं. पहिल्या मुलाचं उत्तर ३४ येईल, दुसऱ्याचं ३६. शिक्षकांनी फळ्यावर करून पाहिलं आणि पुढचा तासभर गणितावर वाद घातला. निवृत्तीला आलेले एक गुरुजी म्हणाले, “दुसऱ्या पोराला आपण उगाच सगळं पहिल्यापासून शिकवत होतो.” इतक्या वर्षांच्या प्रशिक्षणांत असा तास मी घेतलेला नाही. सगळ्याच चुकांना तो इतकी नेमकी जोडी देत नाही. काही वेळा त्याचाच हिशोब चुकतो, म्हणून फळ्यावर तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

पुढच्या महिन्यापासून वर्गणी बंद. वह्यांच्या कामाला फुकटची आवृत्ती पुरते, कारण तिथे बराच वेळ आपणच बोलत असतो. येत्या परिषदेला प्रत्येक शाळेने वजाबाकीची दहा चुकीची उत्तरं नावं झाकून आणावीत, असं केंद्रप्रमुखांना कळवलं आहे.