जुन्या दागिन्यांवरचे शिक्के वाचायला: बेलोमोचं 10x भिंग

पेरणीच्या तोंडावर गावोगावचे जुने तोडे, वाळे, गोठ तालुक्याच्या सराफ्यात मोडीला येतात. वजन होतं, घट कापली जाते आणि दागिना मुशीत जातो. तो घडवणाऱ्या पेढीचा शिक्का कुणी वाचतच नाही, ही फार मोठी हानी आहे. हे वाचायला महागडं यंत्र लागत नाही. चांगलं 10x (दहापट मोठं दाखवणारं) भिंग पुरतं आणि त्यात बेलोमोचं घडीचं भिंग आमच्या मते सर्वात भरवशाचं.

ते बेलारूसमध्ये बनतं. काच 21 मिमीची, आत तीन भिंगं एकमेकांना चिकटवलेली. सगळा फरक या तिहेरी रचनेचा आहे. एकाच काचेच्या स्वस्त भिंगात अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसते. आलेखाच्या कागदावर धरून पाहा: कडेच्या रेघा वाकल्या तर ते भिंग घेऊ नका. ‘30x’ छापलेली स्वस्त भिंगंही टाळा. बहुतेकांवरचा आकडा फुगवलेला असतो, आणि खरा असला तरी एवढ्या शक्तीला अख्खा शिक्का नजरेत मावत नाही.

भिंग डोळ्याजवळ धरा, दागिना भिंगापासून 2.5 सेंमीवर आणा. कोपर टेकलेले हवेत, नाहीतर हात हलतो आणि चित्र सुटतं. उजेड बाजूने, तिरपा पाडा म्हणजे खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. मोबाईलचा दिवा समोरून मारला की चांदी नुसती चकाकते. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हातही तेच होतं, त्यामुळे दाराच्या आत, सावलीत बसून पाहावं.

आधी घासू मात्र नका. खाचेत साचलेल्या काळेपणामुळेच अक्षर वाचता येतं; रांगोळीने शिक्क्याच्या कडा झिजतात त्या कायमच्या. आत लाख भरलेल्या गोठाला गरम पाणी लावलं तर लाख सुटते.

ठोकलेल्या शिक्क्याची खाच तळाशी धारदार असते, कडेला धातू किंचित उचललेला दिसतो. ओतीव नकलेत कडा बोथट आणि बारीक छिद्रं असतात. नाव असलेली पट्टी नंतर झाळून बसवली असेल तर झाळीची रेघ वेगळ्या रंगाची दिसते. फिरकी किंवा अडकवायचा आकडा बदललेला असेल तर त्यावरचा शिक्का फक्त त्या फिरकीचा, हाराचा नव्हे. नामांकित नावाच्या बहुतेक फसवणुका इथेच उघड्या पडतात.

परदेशी कारागिरांच्या खुणा तर अधिकच बारीक. फ्रान्समध्ये 18 कॅरेट सोन्यावर 1838 पासून गरुडाचं डोकं ठोकतात, घडवणाऱ्याची खूण समभुज चौकटीत असते. डेन्मार्कच्या चांदीकाम करणाऱ्या जॉर्ज जेन्सन पेढीचं नाव ठिपक्यांच्या लंबवर्तुळात असेल तर वस्तू 1945 नंतरची. विकणारा 1920 ची सांगत असला तरी पैसे त्या हिशोबाने देऊ नका. इंग्लंडच्या चांदीवर चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग (92.5 टक्के शुद्ध चांदी), जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली.

आपल्या जुन्या सोन्यावर सरकारी हॉलमार्क शोधू नका; बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) योजनाच 2000 मधली. सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र हॉलमार्क क्रमांक, 1 जुलै 2021 पासून आला. तो ‘शंभर वर्षांच्या’ पाटलीवर दिसला तर तो वयाचा पुरावा होत नाही.

या भिंगाने टंच, म्हणजे धातूची शुद्धता, कळत नाही, ही त्याची मर्यादा. त्यासाठी कसोटी किंवा अकोला, अमरावती, नागपूरकडे एक्सआरएफ (क्ष-किरणांनी होणारी) तपासणी करावी लागते. तीही वरचाच थर मोजते, म्हणून जाड मुलामा दिलेल्या वस्तूची झिजलेली कड आधी भिंगाखाली पाहून घ्या. पितळ किंवा तांबं डोकावत असेल तर तिथेच दिसतं.

धुळीच्या दिवसांत काच सदऱ्याने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ सुती कापड फिरवा.