4-16x44 दुर्बीण, वर्षभराच्या वापरानंतर: झूम बदलला की ठिपक्यांचं मोजमापही बदलतं

परवाना न लागणाऱ्या 0.177 इंची स्प्रिंग एअर रायफलवर मी ही मिल-डॉट दुर्बीण (आतल्या रेघांवर मोजमापाचे ठिपके असलेली, 4 ते 16 पट झूमची, पुढची काच 44 मिमीची) लावली, त्याला आता वर्ष होऊन गेलं. उन्हाळा निपाणीला मामांच्या काळ्या रानात काढला, पावसाळा आमच्या खानापूरच्या शेतात. नेम फक्त कागदावर आणि पत्र्याच्या टार्गेटवर, पाठीमागे मातीचा उंच बांध. पाखरांवर छरा झाडणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि मला ते पटतही नाही.

काच चांगली आहे. स्प्रिंग गनचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे बसतो, त्यात साध्या दुर्बिणी खिळखिळ्या होतात. ही टिकली, झिरो (ठरलेल्या अंतरावर जुळवलेला नेम) हललेला नाही. पण विकणारे एक गोष्ट सांगत नाहीत, तीच इथे नीट लिहितो.

या दुर्बिणीचं रेटिकल, म्हणजे आत दिसणाऱ्या रेघा आणि ठिपके, सेकंड फोकल प्लेनमधलं आहे. झूम वाढवला की टार्गेट मोठं दिसतं, ठिपके मात्र आहेत तेवढेच राहतात. त्यामुळे दोन ठिपक्यांमधलं अंतर एक मिल, म्हणजे 100 मीटरला 10 सेंमी आणि 50 मीटरला 5 सेंमी, हे फक्त एकाच झूमवर खरं. माझ्यात ते 16 वर. 8 वर आणलं की तेच अंतर दोन मिलचं होतं, 4 वर चार मिलचं.

कागदावर हे सोपं वाटतं, रानात फार महत्त्वाचं ठरतं. माझी बंदूक 25 मीटरला झिरो आहे. 50 मीटरला छरा साधारण 10 सेंमी खाली लागतो. 16 वर दोन ठिपके खालचा नेम धरायचा, 8 वर एकच. अंतर काढतानाही तसंच. 20 सेंमी उंचीचा डबा 16 वर चार मिल भरला तर 20 गुणिले 10 भागिले 4, म्हणजे 50 मीटर. 8 वर तोच डबा दोन अंतरांत मावतो. ते दोन मिल धरले तर उत्तर येतं 100 मीटर.

मग कायम 16 वरच का ठेवू नये? आपल्याकडची हवा ठेवू देत नाही. तंबाखू निघाल्यावर निपाणीचं रान उघडं पडतं, एप्रिलच्या दुपारी जमिनीतून झळा उठतात आणि 16 वर टार्गेट उकळल्यासारखं हलतं. खानापुरात जुलैमध्ये उलटं: ढग, धुकं, अंधार. 44 भागिले 16 म्हणजे डोळ्यात जेमतेम पावणेतीन मिमीचा उजेड येतो. 8 वर साडेपाच. म्हणून दोन्ही ऋतूंत माझं बहुतेक काम 8 वरच होतं.

झूमच्या रिंगवरच्या आकड्यावर विसंबू नका. टेपने 50 मीटर मोजून दर 5 सेंमीला रेघ मारलेला कागद लावा. एक अंतर बरोबर 5 सेंमी झाकेल तिथे रिंगवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, 10 सेंमी झाकेल तिथे दुसरा. माझ्या रिंगवर पहिला ठिपका 16 च्या आकड्याच्या किंचित अलीकडे पडला.

टरेटचे, म्हणजे नेम सरकवायच्या फिरकीचे, क्लिक मात्र झूमला बांधलेले नाहीत. कुठल्याही झूमवर तेवढेच सरकतात. इथे टरेटचा एक क्लिक पाव एमओएचा (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) आणि रेटिकल मिलचं, ही जोडी मला आवडत नाही. एक मिल म्हणजे 3.44 एमओए, म्हणजे 50 मीटरच्या त्या दोन मिलसाठी 27-28 क्लिक. टरेटही दशांश मिलच्या क्लिकचा असता तर सरळ वीस झाले असते.

मामेभावाची दुर्बीण फर्स्ट फोकल प्लेनची आहे. तिच्यात रेटिकल चित्राबरोबर लहानमोठं होतं, मिल कुठल्याही झूमवर मिलच राहते. पण 4 वर तिच्या रेघा इतक्या बारीक होतात की झुडपापुढे दिसतच नाहीत, आणि किंमतही बरीच जास्त. ठरलेल्या अंतरावर कागद फोडणाऱ्याने माझ्यासारखी घ्यावी, दोन खुणा कराव्यात आणि पैसे छऱ्यांवर घालावेत. दर नेमाला अंतर बदलत असेल, तर अण्णा, थोडं थांबा, पैसे जमवा आणि फर्स्ट फोकलच घ्या.