दोन कबुतरं आणि एक चुळबुळी मुलगी

लंडनच्या रॉयल बॅले या नृत्यसंस्थेच्या ‘द टू पिजन्स’ची डीव्हीडी घ्यावी का? पहिल्या अंकासाठी आणि शेवटच्या प्रवेशासाठी जरूर घ्या. मधल्या भागाबद्दल खाली लिहितेच.

मी चित्रकलेची शिक्षिका. बॅलेच्या तंत्रातलं मला फारसं कळत नाही, पण पडदा उघडतो तो पॅरिसमधल्या एका चित्रकाराच्या स्टुडिओत, आणि तिथलं दुःख मला पुरेपूर कळतं. तरुण चित्रकार प्रेयसीला समोर बसवून चित्र काढतोय आणि ती काही केल्या स्वस्थ बसत नाही. व्यक्तिचित्रणाच्या तासाला ज्यांनी कुणाला अर्धा तास मॉडेल म्हणून बसवलंय, त्यांना हा वैताग वेगळा सांगायला नको. खिडकीबाहेर कबुतरं दिसतात, मग काय, ही त्यांची नक्कलच सुरू करते. कोपरं मागे दुमडून पंख, खांद्यांची फडफड, मान पुढे-मागे. राजहंसाचा डौल वगैरे काही नाही. गॅलरीला जाळ्या लावून आपण ज्यांना हुसकतो, तीच ही कबुतरं. लॉरेन कथबर्टसन हा आगाऊपणा झकास करते. वादिम मुंतागिरोवचा चित्रकार आधी चिडतो आणि मग स्वतःच घुमू लागतो.

गोष्ट ला फॉन्तेन या सतराव्या शतकातल्या फ्रेंच कवीची. घरात कंटाळलेलं एक कबूतर जोडीदाराला सोडून जग बघायला निघतं. वादळ, फासा, गिधाड आणि शेवटी एका पोराची गोफण, एवढं भोगून लंगडत घरी येतं. आपल्या गोष्टींपैकी बऱ्याचशा ‘पिल्पे’ या भारतीय ज्ञान्याकडून घेतल्याचं ला फॉन्तेनने १६७८ साली सांगून टाकलंय. त्यामुळे आपल्याला लगेच पंचतंत्रातला कबुतरांचा राजा चित्रग्रीव आठवतो. पण ही कबुतरं ती नव्हेत. पंचतंत्र अरबी-फारसी वळणं घेत युरोपात पोचलं. ही जोडी भेटते ती त्या वाटेवरच्या फारसी ‘अन्वार-इ-सुहैली’त.

मूळ बॅले पॅरिस ऑपेराचा, १८८६ चा. संगीत आंद्रे मेसाजेचं, नृत्यरचना लुई मेरांतची. तेव्हा नायकाची भूमिकाही बाईच करत असे. आपल्याकडच्या बालगंधर्वांच्या नेमकं उलट! डिस्कवर आहे ते फ्रेडरिक अ‍ॅश्टनने १९६१ साली लंडनमध्ये नव्याने रचलेलं रूप. मेसाजेचं संगीत हलकं, चटकन गुणगुणता येणारं; जॉन लँचबेरीने ते या रूपासाठी जुळवून घेतलंय.

आता तक्रार. एका जिप्सी मुलीच्या नादाने चित्रकार प्रेयसीला सोडून निघतो आणि दुसरा अंक जिप्सींच्या तळावर घडतो. रुमाल, झुमके, डोळे वटारणं, मारामारी. भटक्यांबद्दलच्या सगळ्या जुन्या समजुती एका जागी गोळा केल्यासारखं वाटतं. नाच दणदणीत आहे, पण अंक ताणलाय. एक गोष्ट मात्र आवडली: कथेतला फासा इथे दोर होतो. ज्या मुलीच्या मागे हा धावत आला, तिचेच लोक त्याला बांधतात, खेळवतात आणि हाकलून देतात.

मग तो घरी येतो, आणि खांद्यावर चक्क जिवंत कबूतर! इथे माझा जीव टांगणीला लागला होता. कबुतराला कुठे कोरिओग्राफी ठाऊक असते? पण या पक्ष्यामुळेच समेटाचं नृत्य गोडमिट्ट होत नाही. पहिल्या अंकातली फडफड इथे पुन्हा येते, पण आता थट्टा नाही. कोपरं तशीच मागे आणि माना मात्र खाली. चित्र शिकणाऱ्या मुलांना मी एवढाच तुकडा दाखवणार आहे. तीच रेघ, फक्त मानेचा कोन बदलला की माणूस कसा बदलतो, ते मला फळ्यावर सांगून कधी नीट जमलेलं नाही.

डिस्कवर अ‍ॅश्टनचंच ‘रॅप्सडी’ही आहे, रखमानिनॉव्हच्या संगीतावर. त्यात गोष्ट नाही, नुसतं लखलखीत नृत्य. ते वेगळ्या दिवशी बघा.