दर नंतर ठरवू म्हणून दिलेली कॉफी आणि आमच्या नावावर निघालेले कर्ज

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात, सकलेशपूर तालुक्यात आमच्या कुटुंबाची काही एकरांची रोबस्टा जातीच्या कॉफीची बाग आहे. आम्ही मूळचे बेळगावचे. बाग सासऱ्यांनी घेतली आणि तिचा हिशेब आता मी पाहते. २०२४-२५ च्या हंगामात ‘शाश्वत कॉफी’ खरेदी करणारा म्हणून आलेल्या एका व्यापाऱ्याने आमच्याकडून आणि आसपासच्या लहान बागायतदारांकडून जवळजवळ सगळी चेरी, म्हणजे सालासकट वाळवलेली कॉफीची फळे, नेली. दर नंतर ठरवायचा असे ठरले होते आणि तोवर त्याने आम्हाला ‘आगाऊ रक्कम’ दिली. पुढे मालाचे पैसे तर मिळाले नाहीतच, शिवाय ती आगाऊ रक्कम म्हणजे आमच्याच नावावर काढलेले कर्ज होते, हे वसुलीचे फोन येऊ लागल्यावर कळले. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे मी व्यापाऱ्याचे किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीचे नाव लिहीत नाही, परंतु पद्धत तपशिलाने लिहिते, कारण ही पद्धत कॉफीपुरती राहणारी नाही.

आधी ‘दर नंतर’ हा व्यवहार काय असतो ते सांगणे आवश्यक आहे. पूर्वी देशातील सगळी कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये, म्हणजे एकत्रित साठ्यात, द्यावी लागत असे आणि तिचे पैसे हप्त्याहप्त्याने, पुष्कळदा फार उशिरा मिळत. १९९० च्या दशकात ही सक्ती टप्प्याटप्प्याने उठली आणि १९९६ पासून बागायतदार आपला माल पूर्णपणे खुल्या बाजारात विकू लागला. बोर्डाचे पैसे उशिरा येत, पण बुडत नसत. खुल्या बाजारात पैसे लवकर मिळतात, पण कोणाकडून मिळणार हे ज्याचे त्याने पाहायचे. भारतातील कॉफी बागायतदारांपैकी बहुतांश, म्हणजे शेकडा ९८ हून अधिक, दहा हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राचे आहेत. त्यांच्याकडे चांगले गोदाम नसते. मलनाडच्या, म्हणजे आमच्या डोंगराळ भागाच्या, पावसात चेरी घरात ठेवली तर ओल धरते, रंग उतरतो, आणि भाव चढलेला असेल तर चोरीची भीती वेगळीच. म्हणून मार्चपर्यंत वाळवलेला माल व्यापाऱ्याच्या किंवा क्युरिंग वर्क्सच्या, म्हणजे चेरीची साल काढून बी स्वच्छ करणाऱ्या कारखान्याच्या, गोदामात टाकायचा, पावती घ्यायची आणि बाजार बरा दिसेल त्या दिवशी फोन करून ‘आजचा दर धरा’ म्हणून सांगायचे, अशी वहिवाट पडली आहे. बहुसंख्य व्यापारी ती पाळतात आणि म्हणूनच ती टिकली आहे.

त्या वर्षी या वहिवाटीचा मोह सगळ्यांनाच वाटावा अशी परिस्थिती होती. लंडनच्या बाजारात रोबस्टाचा भाव २०२३ च्या सुरुवातीला टनाला २,००० डॉलरच्या आसपास होता, तो फेब्रुवारी २०२५ मध्ये ५,५०० डॉलरच्या पुढे गेला. व्हिएतनाम आणि ब्राझील येथील पिकांना बसलेल्या दुष्काळाच्या फटक्यामुळे भाव आणखी चढेल असे जाणकार बोलत होते. आज विकणारा उद्या हळहळत होता. त्याच वेळी तोडणीच्या मजुरांचे आठवड्याचे पैसे, खताची उधारी आणि मार्चअखेर बँकेचे पीककर्ज या तिन्ही गोष्टी रोख रक्कम मागत होत्या. माल न विकता पैसे हाती येतील असा मार्ग कोणी दाखवला, तर तो बागायतदाराला हवासा वाटणे साहजिक होते, आणि आमच्याकडे आलेल्या माणसाने नेमका तोच मार्ग दाखवला.

त्या व्यापाऱ्याचा प्रतिनिधी आपण निपाणीकडचे असल्याचे सांगत असे आणि आमच्याशी मराठीत बोलत असे. माझ्या सासऱ्यांना तो म्हणाला, “काका, दर तुम्हीच ठरवायचा. माल फक्त आमच्या गोदामात राहील, आणि निम्म्याहून जास्त रक्कम आठवड्यात तुमच्या खात्यात येईल.” त्याने सांगितले की त्याची कंपनी प्रमाणित शाश्वत कॉफी युरोपात पाठवते, आणि युरोपीय संघाच्या नव्या नियमामुळे ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून लावलेल्या जमिनीवरचा माल तिथे घेतला जाणार नाही, म्हणून प्रत्येक बागेच्या हद्दीची नोंद लागते. हे खरेच होते. तो मोबाईल घेऊन बागेची हद्द चालला, पहाणीच्या उताऱ्याची, म्हणजे आपल्याकडील सातबाऱ्याची, प्रत घेतली, आधार, पॅन आणि रद्द केलेला धनादेश घेतला, आणि नोंदणी पूर्ण करण्यासाठी म्हणून मोबाईलवर आलेले ओटीपी विचारले. खऱ्या नियमाच्या आडोशाने खोट्या कामासाठी कागदपत्रे किती सहज गोळा करता येतात, हे मला नंतर समजले. हद्दीच्या नोंदीला जमिनीची माहिती लागते, पण पॅन आणि आधारचा ओटीपी लागत नाही; त्यांचा उपयोग कर्जाच्या करारावर सही करण्यासाठी करता येतो.

प्रमाणित मालाला बाजारभावापेक्षा अधिक ‘प्रीमियम’ मिळेल आणि तो प्रत्येकाच्या खात्यात थेट जमा होईल, असेही त्याने सांगितले. इथे थोडे थांबून लिहिते. फेअरट्रेड या प्रमाणन व्यवस्थेच्या नियमांनुसार कॉफीला ठरलेली किमान किंमत आणि त्यावर प्रीमियम असतो. परंतु हा प्रीमियम उत्पादकांच्या संघटनेला मिळतो आणि तो कशावर खर्च करायचा हे संघटनेची सर्वसाधारण सभा ठरवते. व्यापारी तो आपल्या मर्जीने कोणाच्या खात्यात वाटत नाही. त्याच व्यवस्थेत संघटनेने मागितल्यास खरेदीदाराने कराराच्या किमतीच्या साठ टक्क्यांपर्यंत आगाऊ वित्तपुरवठा करावा, अशीही तरतूद आहे. म्हणजे आगाऊ रक्कम हा प्रकार मुळात बनावट नाही, आणि म्हणूनच त्याच्या नावाखाली बनाव करता येतो. आमच्याकडे ना संघटना होती, ना सभा. अंतर्गत तपासणीसाठी कोणीही बाग पाहायला आले नव्हते. त्याने दाखवलेल्या प्रमाणपत्राचा क्रमांक नंतर प्रमाणन संस्थेच्या सार्वजनिक यादीत शोधला, तेव्हा तो वेगळ्याच जिल्ह्यातील एका गटाचा निघाला. हा शोध फुकट असतो आणि त्याला काही मिनिटे पुरतात.

माल गोदामात गेल्यावर आम्हाला मोबाईलवर एक ॲप मिळाले. त्यात आमच्या नावासमोर पोती, ओलावा, आउटटर्न आणि त्या दिवशीच्या भावाने होणारी ‘शिल्लक’ दिसे. बाजार वर गेला की आकडा वाढत असे आणि घरातली मुले तो रोज पाहत. ती शिल्लक कोणत्याही बँकेत नव्हती. ती त्या व्यापाऱ्याने स्वतःच्या वहीत लिहिलेली स्वतःची देणी होती, फक्त ती वही आमच्या मोबाईलवर दिसत होती.

आउटटर्नबद्दल दोन शब्द लिहिते, कारण पहिली फसवणूक तिथेच होते. पन्नास किलो चेरीच्या पोत्यातून किती किलो स्वच्छ बी निघते, त्याला आमच्याकडे ओ.टी. म्हणतात आणि रोबस्टा चेरीचा भाव या ओ.टी.वर बोलला जातो. समजा २७ ओ.टी. आणि ओ.टी.ला ४०० रुपये भाव असेल, तर पोत्याचे १०,८०० रुपये होतात. नमुना तपासणारा जर खरेदीदाराचाच माणूस असेल आणि त्याने २७ ऐवजी २६ लिहिले, तर शंभर पोत्यांमागे चाळीस हजार रुपये एका अंकात जातात. आमचा नमुना मी त्याआधी ओळखीच्या क्युरिंग वर्क्समध्ये तपासून घेतला होता, त्यामुळे ॲपमधला कमी आकडा लगेच लक्षात आला आणि तो मी लेखी कळवला. उत्तर आले नाही.

आगाऊ रक्कम मात्र सांगितल्याप्रमाणे आली. पासबुकात पाठवणाऱ्याचे नाव व्यापाऱ्याचे नव्हते, दुसऱ्याच एका कंपनीचे होते. मी विचारले, तेव्हा ‘पेमेंटचे काम ती कंपनी करते’ असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात ती कर्ज देणारी कंपनी होती. शेतमालाच्या व्यवहारात अशी एक रीतसर पद्धत आहे: मोठा खरेदीदार माल घेणार म्हणून त्याच्या भरवशावर वित्तसंस्था शेतकऱ्याला कर्ज देते, खरेदीदार मालाचे पैसे एका राखीव खात्यात भरतो, त्यातून वित्तसंस्था आपले कर्ज वळते करून घेते आणि उरलेले शेतकऱ्याला मिळते. तिघांचा करार असेल आणि ते खाते खरेदीदाराच्या ताब्याबाहेर असेल, तर ही व्यवस्था लहान बागायतदाराच्या उपयोगाचीच आहे. आमच्या बाबतीत राखीव खाते नव्हते आणि आम्ही कर्जदार आहोत हेही आम्हाला सांगितले गेले नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा डिजिटल कर्जाचा व्याजदर, सर्व खर्च आणि परतफेड दाखवणारे मुख्य तथ्यपत्र कर्जदाराला द्यावेच लागते. ते पाठवले गेले होते, पण प्रतिनिधीने आमच्या नावाने स्वतःच उघडलेल्या ईमेल पत्त्यावर. अशा रीतीने व्यापाऱ्याने खिशातला एक रुपयाही न घालता आमचा माल ताब्यात घेतला, आणि त्या कर्जातलाही काही भाग ‘प्रमाणपत्राचा हिस्सा’ म्हणून आमच्याकडून परत वळवून घेतला.

माल त्याने मिळताच विकला होता, हे पोलीस तपासात पुढे आले. सुरुवातीला ज्यांनी दर धरला त्यांना नंतर आलेल्यांच्या मालातून पैसे दिले गेले आणि त्यामुळे गावात त्याचे नाव झाले. उन्हाळ्यानंतर बाजार उतरू लागला. लंडनचा भाव जुलै २०२५ मध्ये ३,५०० डॉलरच्या खाली आला. भाव घसरताना सगळेच दर धरायला धावले, त्याच सुमारास ॲप बंद पडले आणि गोदामाला कुलूप लागले. नाशिककडच्या द्राक्ष बागायतदारांना परराज्यातील व्यापारी पळून जाण्याचा जो अनुभव वर्षानुवर्षे येतो, तोच हा प्रकार; फरक एवढाच की तिथे माणूस मालाचे पैसे बुडवून जातो, इथे तो जाताना आमच्या डोक्यावर कर्जही ठेवून गेला.

पोलिसांत गेल्यावर पहिला प्रश्न पावतीवरील शब्दांचा आला. पावतीवर माल ‘साठवणुकीसाठी ठेव’ म्हणून घेतला असे असेल, तर मालकी आपली राहते आणि आपल्या परवानगीशिवाय तो विकणे हा विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ३१६ आणि फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. पावतीवर ‘खरेदी, दर नंतर’ एवढेच असेल, तर माल विकला गेला आणि पैसे येणे आहे असा अर्थ लावून प्रकरण दिवाणी म्हणून बाजूला ठेवले जाते. आमच्यातील काहींच्या पावत्या एका प्रकारच्या होत्या, काहींच्या दुसऱ्या, आणि एकाच माणसाने फसवलेल्या शेजाऱ्यांच्या तक्रारींना वेगवेगळी वागणूक मिळाली. कर्जाच्या कागदांमुळे शेवटी सर्वांची एकत्र तक्रार नोंदवली गेली.

त्याने काहींना धनादेश दिले होते. ते ‘खाते बंद’ असा शेरा घेऊन परत आले. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये मुदती फार कडक आहेत. बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस मिळतात, आणि त्यानंतर एका महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. धनादेश स्वतः तारखेपासून तीन महिनेच वैध असतो. ‘अजून थोडे थांबा, घालू नका बँकेत’ अशी विनवणी करत आमच्या शेजारच्या एका वृद्ध बागायतदाराचे ते तीन महिने त्याने घालवले. त्या आजोबांकडे आज धनादेशाचा कागद आहे आणि त्यावर कलम १३८ खाली काहीही करता येत नाही. याचा मला सर्वांत जास्त संताप येतो.

कर्जाच्या बाबतीत आम्ही कंपनीकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे गेलो. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते आणि तक्रारीला शुल्क नाही. दुसऱ्याच्या ईमेलवर पाठवलेले तथ्यपत्र आणि प्रतिनिधीशी झालेले संदेश जोडल्यावर दंडव्याज रद्द झाले आणि पतअहवालातील थकबाकीचा शेरा निघाला. मुद्दल मात्र आमच्या खात्यात आले असल्याने ते आम्हाला फेडावे लागत आहे.

ज्यांनी अशा नोंदणीसाठी ओटीपी सांगितले असतील, त्यांनी आधी पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा मिळणारा मोफत अहवाल काढून आपल्या नावावर कोणते कर्ज आहे ते पाहावे, कारण हप्ता थकण्याआधी केलेली तक्रार ऐकली जाण्याची शक्यता बरीच अधिक असते. या हंगामात आम्ही माल आमच्या ओळखीच्या क्युरिंग वर्क्समध्ये, वजन, ओलावा आणि आउटटर्न लिहिलेल्या साठवणुकीच्या पावतीवर ठेवला आहे. तो बाहेर काढायचा असेल तेव्हा सासऱ्यांची आणि माझी, दोघांची सही लागते.