न वाजवता मागवलेलं बेस कॅबिनेट: फेंडर रंबल 112

निकाल आधीच सांगते. चार तारांचा बेस, ऑक्टोपॅड किंवा बेताने वाजवणारा ड्रमर, एक-दोन कीबोर्ड आणि गायक असा ताफा असेल, तर फेंडरचं रंबल 112 (बेस गिटारसाठीची, एका बारा इंची स्पीकरची पेटी) न वाजवता मागवायला हरकत नाही. मी तसंच मागवलं आणि आता ते माझ्याबरोबर प्रत्येक कार्यक्रमाला येतं. पाच तारांचा बेस आणि दणकून वाजवणारा ड्रमर असेल तर मात्र एका 112वर भागणार नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

मी सांगलीची. आमचा जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा आहे आणि त्यात मी बेस वाजवते. शेजारच्या मिरजेत सतारमेकर गल्लीत गेलं तर कारागिरापुढे बसून तानपुरा छेडून बघता येतो, जवारी पटली नाही तर ती तिथल्या तिथे पुन्हा काढून घेता येते. बेसच्या कॅबिनेटचं तसं नाही. दुकानांत सरावाचे लहान कॉम्बो, म्हणजे एकाच पेटीत अ‍ॅम्प आणि स्पीकर, असतात. नुसतं कॅबिनेट, म्हणजे अ‍ॅम्प नसलेली स्पीकरची पेटी, बहुतेक ठिकाणी ऑर्डर दिल्यावरच येते, आणि ऑर्डर देऊन आणवलेली वस्तू ‘वाजवून बघू, नको वाटली तर राहू दे’ असं म्हणता येत नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत चार प्रकार दिसतात, पण आपल्याला हवं तेच त्या दिवशी मांडलेलं असेल असं नाही. म्हणून न वाजवता निवडण्याची काही रीत असली पाहिजे, असं मी ठरवलं.

यूट्यूबवरच्या चाचण्यांचा यात फारसा उपयोग नाही. बेसची सगळ्यात खालची ई ची तार 41 हर्ट्झला वाजते. फोनचा स्पीकर त्याच्या जवळपासही पोहोचत नाही, तेव्हा आपण ऐकतो ते फक्त वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट-तिप्पट हर्ट्झला सोबत वाजणारे स्वर. चांगला हेडफोन लावला तरी ऐकू येतो तो माइक, ती खोली आणि त्या माणसाची बोटं. त्या व्हिडिओंतून मी एकच गोष्ट घेते: हॉर्न (वरच्या, तीव्र आवाजांसाठीचा छोटा स्पीकर) चालू आणि बंद असताना आवाजात किती फरक पडतो. तेवढं कळतं.

त्यापेक्षा खात्रीचा मार्ग असा. तुम्ही आजवर ज्या ज्या कॅबिनेटवर वाजवलंय, त्यांची मॉडेलं आठवा आणि त्यांचे आकडे शोधा. कॉलेजच्या महोत्सवांत भाड्याच्या बॅकलाइनमध्ये (रंगमंचावरच्या अ‍ॅम्प-स्पीकरांच्या संचात) अनेकदा अँपेग कंपनीचं आठ गुणिले दहा इंची, म्हणजे दहा इंची आठ स्पीकरचं मोठं कपाट असतं. 1969 साली अँपेगने 300 वॉटचा एसव्हीटी अ‍ॅम्प आणला, तेव्हापासून हे कपाट त्याच्या जोडीला आहे. त्याच्यासमोर उभं राहून ई ची तार छेडली की पोटरीपर्यंत जाणवते. आता त्याचा, म्हणजे एसव्हीटी-810ईचा कागद बघा. 58 हर्ट्झला आवाज 3 डेसिबल उतरलेला असतो, 40 हर्ट्झला 10 डेसिबल. म्हणजे जगभर ज्याला जड बेसचं कॅबिनेट म्हणतात, ते ई च्या मूळ स्वराला कागदावर बरंच हलकं आहे. तरी ते जड वाटतं, कारण बेसच्या तारेत 41च्या दुप्पट, म्हणजे 82 हर्ट्झचा स्वरांश मूळ स्वरापेक्षा सहसा जोरदार असतो आणि आपला कान खालचा स्वर त्यावरून भरून घेतो. हे कळल्यावर ‘30 हर्ट्झपर्यंत जातं’ अशा जाहिरातीला भुलण्याचं कारण उरत नाही. तुमच्या कानाला एक कॅबिनेट ओळखीचं आहे आणि त्याचे आकडे समोर आहेत. नव्याचे आकडे त्यांच्याशेजारी ठेवा. आकड्यांना आवाज मिळतो तो असा.

कोणते आकडे? लोक आधी वॉट बघतात. मी शेवटी बघते. वॉट म्हणजे ती पेटी किती ताकद सोसते, किती वाजते ते नव्हे. किती वाजते हे सेन्सिटिव्हिटी सांगते: एक वॉट दिला, एक मीटरवर किती डेसिबल आले. 97 डेसिबलचं कॅबिनेट आणि 100 डेसिबलचं कॅबिनेट यांत फरक दिसायला तीनचा आहे, पण तो भरून काढायचा तर अ‍ॅम्पची ताकद दुप्पट लागते. आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. पाचशेचा अ‍ॅम्प सोडून आठशेचा घेणाऱ्या मुलांना मी हेच सांगते: पैसे कॅबिनेटवर घाला.

सगळेच उत्पादक हे आकडे छापत नाहीत. तिथे हॉफमनचा नियम कामी येतो. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला ‘एच’ म्हणजे हा जे. अँटन हॉफमन. त्याचं म्हणणं असं की लहान पेटी, खोल बेस आणि मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच मिळतात. अँपेगचंच चार गुणिले दहाचं एसव्हीटी-410एचएलएफ घ्या: ते 810ईपेक्षा बरंच खाली उतरतं, पण सेन्सिटिव्हिटीत दोन डेसिबल मागे आहे. तेव्हा एखादी छोटी, हलकी पेटी ‘खोल बेस आणि प्रचंड आवाज’ दोन्ही देते असं लिहिलेलं दिसलं, की तिसरी गोष्ट कुठे गेली ते शोधायचं. आणि स्पीकर पंधरा इंची म्हणून आपोआप खोल, दहा इंची म्हणून आपोआप टणक, हेही खरं नाही. पेटीचं आकारमान, तिचं ट्यूनिंग (भोक असलेली पेटी ज्या हर्ट्झला घुमते ते) आणि त्या स्पीकरची घडण मिळून ते ठरतं.

आता माझ्या निवडीकडे येते.

माझा अ‍ॅम्प रंबल 500 हेड, म्हणजे स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प. तो 4 ओहमला 500 वॉट देतो आणि 8 ओहमला 350; ओहम म्हणजे कॅबिनेटचा विजेला होणारा विरोध. इथे पहिला निर्णय होतो आणि तो बदलता येत नाही: कॅबिनेट 8 ओहमचंच घ्यायचं. 8 ओहमची दोन जोडली की 4 ओहम होतात आणि अ‍ॅम्प पूर्ण ताकदीने चालतो. 4 ओहमचं एकच घेतलं की बहुतेक अ‍ॅम्पना तिथेच शेवट, दुसरं लावायला जागा उरत नाही. रंबल 112 आठ ओहमचं आहे. त्यात एमिनन्सचा बारा इंची स्पीकर आहे आणि बंद-चालू करता येणारा हॉर्न. ताकद 500 वॉट लिहिली आहे, पण शेजारी ‘प्रोग्रॅम’ हा शब्द आहे तो वाचा. प्रोग्रॅमचा आकडा सहसा सलग सोसण्याच्या ताकदीच्या दुप्पट असतो, म्हणजे 250 धरून चालावं. माझ्या 350ला ते पुरतं, कारण बेस सलग पूर्ण ताकदीने वाजत नसतो. आवाज फाटायला लागला की हात मागे घ्यायचा, एवढं पथ्य.

हे कॅबिनेट वाजवायला मिळालं नाही, पण त्याचं भावंड दुकानांत असतं. रंबल 100 कॉम्बोमध्येही एमिनन्सचाच बारा इंची स्पीकर आहे आणि तो कॉम्बो बऱ्याच ठिकाणी मांडलेला दिसतो. स्वतःचा बेस घेऊन गेले, सगळी बटणं मधोमध ठेवली आणि बराच वेळ एकच गोष्ट वाजवली: ई पासून वरच्या ई पर्यंत एकेक स्वर, सारख्या जोराने. कुठला स्वर मध्येच फुगतो, कुठला गळतो, ते ऐकायचं. पेटी वेगळी आहे, तेव्हा उत्तर पूर्ण नाही. पण घराण्याचा स्वभाव कळला: मध्य भरलेला, वरचा भाग बोचरा नाही. जुन्या गाण्यांना मला तोच हवा होता.

घरी आल्यावर खोकं उघडताना आमच्या कीबोर्डवाल्या दादांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हिडिओ घेतला. ऑनलाइन मागवलेल्या वस्तूचा व्हिडिओ हवाच, नाहीतर मोडतोडीची तक्रार कुणी ऐकत नाही. मग बेस बाजूला ठेवून मी टोन जनरेटरवरून 40 ते 200 हर्ट्झ सावकाश सरकवत नेलं, आवाज बेताचा ठेवून. कुठे खडखडलं तर कळतं. खडखडलं ते खिडकीचं गज आणि कपाटावरचं स्टीलचं डबडं. पेटी शांत.

आवाजाबद्दल. सरावाच्या खोलीत, शहाबादी फरशीवर, भिंतीपासून हातभर पुढे ठेवलं की स्वर स्वच्छ येतो, एकेक नोट वेगळी ऐकू येते. कोपऱ्यात ढकललं की खालचा भाग वाढतो. हे कुठल्याही पेटीचं होतं, आणि एका बारा इंचीला त्याची मदतच होते. नाट्यगृहाच्या पोकळ लाकडी रंगमंचावर मात्र उलटं. तिथे जमीनच वाजायला लागते. तेव्हा मी ते खुर्चीवर ठेवते, म्हणजे घुमणं कमी होतं आणि स्पीकर गुडघ्याऐवजी कानाकडे बघतो. ऑर्केस्ट्रात बेसवाला कॅबिनेटच्या अगदी पुढे उभा असतो. त्याला स्वतःचे मधले-वरचे स्वर ऐकू येत नाहीत, म्हणून तो आवाज वाढवतो आणि पहिल्या रांगेतल्या काकूंचं डोकं दुखतं. खुर्चीने हे सुटतं. खुर्ची हलणारी नको, मंगल कार्यालयातली प्लास्टिकची तर नकोच.

हॉर्न मी निम्म्या गाण्यांना बंद ठेवते. तो चालू केला की बोट तारेवर घासल्याचा आवाज आणि अ‍ॅम्पची सूक्ष्म खरखर पुढे येते. सत्तरच्या दशकातल्या गाण्यांना ते शोभत नाही. ऐंशीच्या पुढच्या गाण्यांत, जिथे अंगठ्याने तार आपटायची असते, तिथे तो लागतो. बंद करायला बटण आहे, ही सोय मला फार मोलाची वाटते.

कोजागरीला गच्चीवर वाजवलं तेव्हा एका बाराची मर्यादा दिसली, आणि ती भौतिकशास्त्राची आहे. उघड्यावर भिंतींची मदत मिळत नाही. शिवाय एक सप्तक खाली तेवढ्याच जोराने वाजवायचं तर स्पीकरच्या कोनाला (पुढेमागे हलणाऱ्या शंकूला) चौपट हवा ढकलावी लागते. पाच तारांच्या बेसची बी 31 हर्ट्झला वाजते. ई च्या तुलनेत सुमारे पावणेदोनपट हवा. एक बारा इंची कोन किती पुढेमागे जाणार? म्हणून पाच तारांवाल्यांनी पहिल्यापासून दोन कॅबिनेटचा हिशोब करावा. जोडीला साधारण 30-35 हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर लावावा, कारण भोक असलेल्या पेटीत ट्यूनिंगच्या खाली कोन मोकळा सुटतो: ऐकू काही येत नाही, नुसता धडपडतो आणि बिघडतो.

मोठ्या कार्यक्रमात ही अडचण येत नाही. साउंडवाले दादा अ‍ॅम्पच्या डीआयमधून (मिक्सरला थेट सिग्नल देणाऱ्या जोडणीतून) लाइन घेतात, लोकांपर्यंतचा बेस पीएमधून, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरांतून, जातो आणि माझं कॅबिनेट फक्त मला आणि ऑक्टोपॅडवाल्या काकांना ऐकवतं. त्या कामाला हे पुरून उरतं. निवडताना हाच प्रश्न आधी विचारायला हवा: ऐकवायचं कुणाला? माझे बहुतेक कार्यक्रम पीए असलेले. म्हणून दहा इंची चारांचं जड कपाट मी विचारातच घेतलं नाही. सरावाची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि 112 मी एकटी चढवते. वॅगन-आरच्या मागच्या सीटवर ते बसतं आणि शेजारी बेसची बॅग राहते. अँपेगचं ते आठाचं कपाट 63 किलोच्या आसपास आहे. त्याच्यावर माझा जीव आहे, पण ते दुसऱ्याने उचलून आणलेलं असावं.

दोन बारीक गोष्टी. अ‍ॅम्पपासून कॅबिनेटपर्यंत गिटारची केबल कधीही लावू नका, दिसायला सारखी असली तरी. स्पीकरची जाड केबल वेगळी येते, शक्य असेल तर स्पीकॉनची घ्या. ती फिरवून अडकते, कुणाच्या पायाने निघत नाही. आणि पावसाळ्यात कापडी कव्हर घालून भिंतीला टेकवून ठेवू नका, आपल्याकडच्या दमटपणात काळ्या आवरणावर बुरशी धरते.

दुसरं 112 आता मागवणार आहे. हिशोब सरळ आहे: 350चे 500 वॉट झाले की साधारण दीड डेसिबल, आणि कोनाचं क्षेत्र दुप्पट झालं की खालच्या पट्टीत आणखी तीन. एकूण साडेचार, पीए नसलेल्या छोट्या हॉलला तेवढं हवंच. दोन्ही एकावर एक उभी ठेवायची, शेजारी-शेजारी नाही; उभ्या रचनेत आवाज आडवा जास्त पसरतो आणि वरचा स्पीकर कानाजवळ येतो. वेगळ्या कंपनीचं जोडणार असाल तर आधी 9 व्होल्टची बॅटरी क्षणभर प्रत्येकाच्या केबलला टेकवून बघा. एकाचा कोन बाहेर आणि दुसऱ्याचा आत गेला तर एकाच्या तारा उलट आहेत, आणि तसेच वाजवलेत तर बेस वाढण्याऐवजी नाहीसा होईल.