एक मोठं सभागृह की वाटेवरच्या छोट्या जागा?

सहकारी गृहसंस्थेचा नकाशा आखताना सामायिक जागा कुठे द्यायची, हा प्रश्न लवकर सोडवावा लागतो. एकच मोठं सभागृह बांधलं तर सभा-समारंभांची सोय होते आणि देखभालीचा हिशेबही सोपा राहतो. पण तिथे जायला निमित्त लागतं; म्हणून ते बहुतेक दिवस कुलूपबंद असतं.

छोट्या जागांचं तसं नाही. कपडे धुण्याची खोली, टपालपेट्या, जिन्याच्या वळणावरचा रुंद कट्टा. माणसं कामाला येतात आणि चार शब्द बोलून जातात. स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे उघडत असेल तर खेळणाऱ्या मुलांवर सहज नजर राहते. एकट्या राहणाऱ्या आजोबांचं दार आज उघडलं नाही, हेही कुणाच्या तरी लक्षात येतं. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

आवाज, साफसफाईवरून वाद आणि खासगीपणावर ताण, हे तोटे खरेच. दार आणि वाट यांच्यामध्ये छोटा ओटा ठेवला तर ताण बराच हलका होतो.

डेन्मार्कमधल्या १९७२ च्या सेटेडामेन वसाहतीत खासगी घरांच्या जोडीला सगळ्यांचं स्वयंपाकघर असलेलं सामायिक घर आहे. सभागृहच बांधायचं असेल, तर त्याला असं रोजचं स्वयंपाकघर जोडा आणि ते येण्याजाण्याच्या वाटेवरच ठेवा.